ड्रमसेटच्या शेजारी डफडे

आमचा भाचा धुळ्यात दिवसा गॅरेजमध्ये काम करतो आणि रात्री एका गायन पार्टीत ड्रम वाजवतो. जयंतीचे कार्यक्रम आटोपल्यावर एकदा त्याचा फोन आला. "मामा, ड्रमसेटला बाहेरची वाद्यं जोडायची आहेत. काउबेल, बोंगो, शेकर आणि एक डफ. डफाचं तेवढं आजोबांना सांगू नका."

आजोबा म्हणजे आमचे चुलते, तात्या. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम आमच्याकडेच जळगावला. दोन खोल्यांच्या घरात फोनवरचे बोलणे लपत नाही. तात्यांनी ऐकले आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

तरुण वाचकांना यात जेवण सोडण्यासारखे काय आहे असे वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या आजोबांकडे गावची येसकरी होती. पाटलाचा हुकूम आला की डफडे घेऊन दवंडी पिटत गावभर फिरायचे. पावसाळ्यात कातडे सैल पडे, तेव्हा काटक्या गोळा करून विस्तव पेटवणे आणि डफडे शेकून देणे हे लहानग्या तात्यांचे काम. कातडेही मेलेल्या ढोराचे, आणि ते ढोर ओढणारेही आपलेच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे बिल आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यामुळे. पण आमच्या घरातले वतन त्याआधीच गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आजोबांनी ते डफडे गिरणेच्या पाण्यात सोडून दिले.

"बापानं नदीत टाकलं, ते नातू स्टेजवर आणतो?" तात्यांचा हा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही पडलो कारकून, व्हाउचर लिहिणारे. आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. मग काही महिने वाचले, जाणत्या वादकांना विचारले, भाच्याच्या तालमींना जाऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी ड्रमसेटचेच पाहू. आपण त्याला एक वाद्य समजतो, पण ती मुळातच अनेक वाद्यांची मोळी आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १९०० सालाच्या आसपास काळ्या वादकांच्या बँडमध्ये ही मांडणी रूढ झाली. लष्करी बँडमधला मोठा ढोल, साईड ड्रम आणि झांजा वाजवायला पूर्वी दोन-तीन माणसे लागत. ती सगळी वाद्ये बसलेल्या एका माणसाभोवती रचली गेली. १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी मोठा ढोल पायाने वाजवायचे चांगले पेडल बाजारात आणले आणि हात मोकळे झाले. टॉम हे चिनी ढोलावरून आले, ठोकायचा लाकडी ठोकळा चिनी, आणि झांजा तुर्की. १६२३ साली इस्तंबूलमध्ये सुरू झालेल्या झिल्डजियन घराण्याच्या झांजा आजही विकल्या जातात. एका पगारात तिघांचे काम, ही कल्पना कोणा हिशेबनिसाच्या डोक्यातून निघाली असावी असा आमचा आपला संशय आहे. पण एक गोष्ट पक्की. ड्रमसेटला परमुलखातले वाद्य जोडणे ही आजची फॅशन नव्हे. ड्रमसेट जन्माला आला तोच असा.

जी वाद्ये आज हौसेने जोडली जातात, ती कोणाची आहेत तेही बघा. काँगा आणि बोंगो क्युबाचे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी घडवलेले. कहोन म्हणजे ज्यावर बसून समोरची फळी वाजवायची ती लाकडी पेटी. ती पेरू देशातल्या काळ्या गुलामांची, मालाच्या खोक्यांवर वाजवता वाजवता तयार झालेली. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिनामध्ये १७३९ साली गुलामांनी उठाव केला तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायलाच बंदी केली. मालकाला ढोलाची भीती का वाटावी? ढोल लांबच्या माणसाला बोलावतो म्हणून. आणि आमच्या आजोबांच्या हातात मात्र डफडे बळेच दिले होते, दुसऱ्याचा हुकूम सांगण्यासाठी. तिथे हिसकावले, इथे लादले. हा फरक तात्यांना सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "पुढे सांग."

पुढे त्रिलोक गुर्टूंचे सांगितले. हे मुंबईत १९५१ साली जन्मलेले. आई शोभा गुर्टू, ठुमरीच्या मोठ्या गायिका, मूळच्या बेळगावच्या. त्रिलोक तबला शिकले, मग ड्रमकडे वळले आणि दोन्ही सोडायची त्यांची तयारी नव्हती. ड्रमर उंच स्टुलावर बसतो, तबलजी जमिनीवर. हे जमिनीलगत गुडघ्यांवर बसले आणि ड्रम, झांजा, तबला सगळे त्या उंचीवर आणले. शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो, तो आवाज त्यांना हवा होता. १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम निघाला, त्यात आईचा आवाज आहे. भाच्याने याचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला तेव्हा घरातल्या पोरांना बादलीचेच कौतुक. आम्हाला मात्र वाटले, की या माणसाने आपल्या घरातले वाद्य मधोमध ठेवले आणि बाकीची मांडणी त्याच्या उंचीला आणली.

आता कामाचे बोलू. भाच्याने पहिल्या तालमीला सात वस्तू लावल्या होत्या. दिसायला दुकान, ऐकायला गोंधळ. आपल्या गायन पार्टीत ढोलकी असतेच आणि तिची शाई तापली की मधला सगळा आवाज ती भरून टाकते. बोंगोचा आवाजही त्याच पट्टीत येतो. दोघे एकमेकांच्या अंगावर पडले आणि गायकाचे शब्द खाली दबले. भीमगीतात शब्द ऐकू आले नाहीत तर मागे वाजवायचे कशासाठी? वामनदादा कर्डकांच्या काळात खंजिरीवर, ढोलकीवर गाणी गावोगाव पोचली ती शब्दामुळे. म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की वाद्य जोडताना ते ढोलकीला जागा सोडते का ते बघावे. बोंगो काढले. शेकर ठेवला, कारण त्याचा आवाज सळसळीचा, शब्दांच्या वरून जातो. खंजिरीच्या झिला हाय-हॅटच्या दांड्यावर बसवल्या. डाव्या पायाने त्या आपोआप वाजतात, हात गुंतत नाही. काउबेल मोठ्या ढोलाच्या कड्यावर, पण केरव्यात फक्त ध्रुवपदाला.

दुसरे म्हणजे, एक वस्तू लावली तर एक काढावी. भाच्याने डफासाठी मधला टॉम काढला आणि त्याच्याच दांड्यावर क्लॅम्प लावला. हात सवयीने जिथे जातो तिथेच नवे वाद्य आले. पाठ वळवून वाजवावे लागले तर ताल मोडतोच. डफ थोडा आपल्याकडे कललेला हवा, नाहीतर काडी कड्यावर आपटते. आणि प्रत्येक वाद्याला माईक मागू नये. साउंडवाल्याकडे तारा कमी असतात, त्याचा राग शेवटी गायकाच्या माईकवर निघतो.

कोणी म्हणेल, ऑक्टापॅडमध्ये सगळे आवाज भरलेले असताना ही उस्तवार कशाला? पॅड सोयीचा आहे, ऑर्केस्ट्रावाल्या पोरांची पोटे त्यावर चालतात, त्याला नावे ठेवणार नाही. पण पॅडवर काँगा वाजला काय आणि डफ वाजला काय, काडी रबरावरच पडते. कडेला वाजवले तर वेगळा, मध्ये वाजवले तर वेगळा, तळहाताने दाबला तर वेगळा, हे बारकावे कातड्याच्या वाद्यात हाताला शिकवतात. शिवाय पॅडची किंमत सगळ्यांना झेपत नाही. कहोन मात्र वस्तीतला सुतार करून देतो. साधारण दीड फूट उंचीचे प्लायवुडचे खोके, समोरची फळी पातळ, तीन-चार मिलिमीटरची, मागे गोल भोक, आतून फळीला टेकणाऱ्या जुन्या साईड ड्रमच्या तारा. वरच्या कोपऱ्यांचे स्क्रू जरा सैल ठेवले की चटका आवाज येतो. शेकरला औषधाची रिकामी डबी आणि मूठभर ज्वारी पुरते. आमच्या मुलीने तांदूळ भरून पाहिले. ज्वारीचा आवाज गोल येतो असे तिचे मत पडले, आणि ते बरोबर आहे.

सातपुड्याकडचे ढोलही भाच्याच्या मनात होते. होळीच्या आधी चोपडा, यावल, शिरपूरकडे भोंगऱ्या बाजार भरतात, तिथे पावरा बांधवांचे मोठाले ढोल ऐकून तो वेडा होऊन आला. आम्ही एवढेच म्हणालो, की ढोल आणू नकोस, ढोलवाल्याला बोलाव, आणि तुमच्याइतकीच बिदागी दे.

राहिला डफाचा प्रश्न. तात्यांना आम्ही चेन्नईची हकीकत सांगितली. तमिळनाडूत पराई नावाचे डफासारखेच वाद्य आहे. दलितांनी मयताला ते वाजवायचे, असा तिथला दंडक. तिथेही पुष्कळांनी ते रागाने टाकून दिले. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने तिथे कास्टलेस कलेक्टिव्ह नावाचा मेळा उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, त्यात गिटार, ड्रमसेट आणि पराई एकाच रंगमंचावर होते. तात्या म्हणाले, "तिकडचं तिकडे."

शेवटी भाचा स्वतःच जळगावला आला, डफ पिशवीत घालून. तात्यांनी डफाकडे पाहिलेही नाही. एवढेच विचारले, "वाजवायला कोण बोलावणार?"

"आपलेच लोक, आजोबा. आणि वरातीपुढे नाही न्यायचा, असं पार्टीत ठरलंय."

"उभ्यानं की बसून?"

"ड्रमवाला बसूनच वाजवतो."

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा बाप कधी बसून वाजवला नाही."

३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगला गेलो. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दर वर्षी तिथे भीमस्मृती यात्रा भरते. पाऊस झिमझिम होता. पायथ्याच्या छोट्या मंडपात भाच्याची पार्टी बसली. ढोलकीवाला ओल्या हवेला शिव्या देत दोऱ्या ओढत होता. तात्या हट्टाने पुढच्या खुर्चीवर. पहिल्या दोन गाण्यांत डफ वाजलाच नाही. तिसऱ्यात कडव्याच्या शेवटी आला, चार मात्रा, आणि पुन्हा थांबला. तात्यांनी मान हलवली नाही, पण काठीचे टोक जमिनीवर पडत होते, ते आम्ही पाहिले.

कार्यक्रम संपल्यावर ते काठी टेकत स्टेजजवळ गेले आणि डफावर बोट फिरवले. "याले आते इस्तो लागत नही का?"

"नाही आजोबा. प्लास्टिकचं आहे, पावसात सैल पडत नाही. ढोराचं कातडं नाही यात."

तात्यांनी टिचकी मारली. कान लावला. "आवाज पातळ शे," म्हणाले. मग भाच्याची डावी काडी हातात घेऊन पाहिली आणि ही फार आखूड आहे, डावी काडी लांब आणि बारीक लागते, असे त्याला समजावू लागले. बस सुटायची वेळ झाली तरी दोघांचे ते चाललेच होते. आम्हीच बाहेर जाऊन कंडक्टरला थांबवून धरले.