पर्समधला इनहेलर आणि नव्वदीची सिप्ला

माझ्या पर्समध्ये चार गोष्टी कायम असतात. मोबाइल, लोकलचा पास, कंगवा आणि इनहेलर. पहिल्या तीन मी बिनधास्त बाहेर काढते. इनहेलर मात्र पहिल्या नोकरीत लेडीज टॉयलेटमध्ये लपून घ्यायचे. ‘ही काय डेडलाइन पाळणार?’ असं बॉसला वाटलं तर!

परवा मीटिंगआधी दम लागला, तेव्हा सरळ टेबलावरच दोन पफ घेतले. शेजारच्या ज्युनिअरने डबी उलटीपालटी करून नाव वाचलं, ‘‘सिप्ला. ही आपली कंपनी की बाहेरची?’’ म्हटलं, रोज छातीत भरून घेतोय, तर जरा कुंडलीच काढू या.

जन्म मुंबईचा

साल १९३५. बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून आलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ काढली. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? आद्याक्षरांतून झालं सिप्ला. १९३९ मध्ये खुद्द गांधीजी कारखाना बघून गेले. औषधासाठी परदेशी बोटीची वाट बघायची नाही, हा तेव्हाचा ध्यास.

पण कारखाना आपला असून भागत नव्हतं. कायदा इंग्रजांच्या काळातला, १९११ चा होता. नव्या औषधांची पेटंट्स बहुतेक परदेशी कंपन्यांकडे.

वडापावचा हिशेब

समजा, कुणी वडापावचंच पेटंट घेतलं. मग दुसऱ्या कुणी वडापाव विकायचाच नाही! पण पेटंट फक्त कृतीचं असेल, तर मी वेगळ्या पद्धतीने वडा तळून गाडी लावू शकते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत नेमकं हेच केलं. १९७२ मध्ये तो लागू झाला आणि भारतीय कंपन्यांना रान मोकळं मिळालं. या बदलासाठी आग्रह धरणाऱ्यांत संस्थापकांचे चिरंजीव, केंब्रिजहून पीएचडी करून आलेले युसूफ हमीद होते.

या मोकळ्या रानाचं सिप्लाने काय केलं, ते जगाने २००१ मध्ये पाहिलं. एड्सच्या तीन औषधांच्या उपचाराला तेव्हा वर्षाला माणशी १० ते १५ हजार डॉलर लागत. आफ्रिकेत माणसं मरत होती आणि औषध मात्र श्रीमंत देशांत होतं. सिप्लाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला भाव सांगितला, वर्षाला ३५० डॉलर. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी! वर तिन्ही औषधं एकाच गोळीत. कुणी चाचे म्हणालं, कुणी देवदूत.

नवा अवतार

२००५ मध्ये नियम पुन्हा फिरले. जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या शब्दानुसार भारतात औषधाचंच पेटंट परत आलं. सिप्लानेही कूस बदलली. २०१३ मध्ये रोजचा कारभार घराबाहेरच्या सीईओकडे गेला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतली मेडप्रो विकत घेतली, २०१६ मध्ये अमेरिकेतली इन्व्हाजेन. २०१८ मध्ये तर ‘बेरोक जिंदगी’ म्हणत प्रियांका चोप्राने स्वतःचा दमा जाहीर केला. (माझी लपवाछपवी तेव्हाच थांबायला हवी होती.)

मला मात्र २०२० जास्त बोलकं वाटतं. कोविडमध्ये रेमडेसिव्हिर बनवायला सिप्लाने पेटंटवाल्या गिलियडकडून रीतसर परवाना घेतला. एकेकाळी पेटंटवाल्यांना अंगावर घेणारी कंपनी आता त्यांच्याशी करार करते. हा शहाणपणा की तडजोड? मला वाटतं, थोडं थोडं दोन्ही. करारामुळे औषध लवकर हातात येतं, पण कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे पेटंटवाला ठरवतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? माझ्या इनहेलरमधलं सॅल्ब्युटामॉल साठच्या दशकातलं. त्याचं पेटंट केव्हाच संपलं, म्हणून ते महिनाअखेरीलाही परवडतं. उद्या एखादं नवंकोरं औषध लागलं, तर माझा पगार पुरेल का, हे २००५ च्या कायद्यावर ठरणार.

ज्युनिअरला एवढं सगळं सांगितलं. ती गप्प बसली. मग हळूच ड्रॉवर उघडून तिने स्वतःचा इनहेलर काढला आणि माझ्या इनहेलरशेजारी टेबलावर ठेवला.