तीस सेकंदांचं गार पाणी

‘स्वतःची काळजी घे’ असं कुणी म्हटलं की मी हल्ली विचारते, किती वाजता? आणि घरातल्या कुठल्या जागी? याला उत्तर नसेल तर तो सल्ला ऐकायला गोड, पण दुसऱ्या दिवशी उपयोगाचा नाही. मी ऑग्सबुर्गला राहते, हिशेबनीस आहे, त्यामुळे आकड्यांशिवाय माझं समाधान होत नाही हेही खरं. पण असं विचारायची सवय मला लावली ती इथून तासाभराच्या अंतरावरच्या बाड व्योरिसहोफेन गावच्या एका पाद्र्याने. तो 1897 मध्ये वारला.

सेबास्टियन क्नाइप हा विणकराचा मुलगा, जन्म 1821 चा. धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना त्याला क्षयाने गाठलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. अठराव्या शतकातल्या योहान जिगमुंड हान या डॉक्टरचं पाण्याच्या उपचारांवरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. मग 1849 च्या थंडीत डिलिंगेन गावी हा पठ्ठ्या धावत जाऊन अंग तापवायचा, डॅन्यूब नदीत काही क्षण उतरायचा आणि तसाच धावत परत यायचा. तो बरा झाला. पाण्यानेच झाला का, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. क्षयावर आता गोळ्या आहेत आणि त्याच घ्यायच्या.

1855 मध्ये तो व्योरिसहोफेनच्या नन्सच्या मठात आला आणि तिथलाच झाला. 1886 मध्ये त्याचं ‘माझा जलोपचार’ हे पुस्तक निघालं आणि त्या खेड्याकडे आजाऱ्यांची रीघ लागली. पाणी, वनस्पती, हालचाल, साधा आहार आणि दिनक्रमाची घडी, असे त्याच्या पद्धतीचे पाच खांब मानतात. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे, की वय आणि अनुभव वाढत गेला तसा त्याचा उपचार सौम्य होत गेला. सुरुवातीला नदीत उडी मारणारा माणूस शेवटी गुडघ्यापर्यंतच्या पाण्यावर आला.

आजही दक्षिण जर्मनीत गावाच्या कडेला, बागेत, जंगलवाटेवर उथळ पाण्याचा हौद दिसतो, मधोमध धरायला लोखंडी कठडा. लोक बूटमोजे काढतात, पँट गुडघ्याच्या वर दुमडतात आणि करकोच्यासारखे एकेक पाऊल पाण्याबाहेर पूर्ण उचलून फेऱ्या मारतात. आजोबा, शाळेची पोरं, सायकलवरून उतरलेले कुणीही. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. 2015 मध्ये जर्मनीच्या युनेस्को आयोगाने ही रीत देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली.

नियम थोडे, पण पक्के. गार पाण्यात जायचं ते अंग ऊबदार असतानाच. पाय आधीच गार पडले असतील तर आधी चालून ते गरम करायचे. पाणी 18 अंशांपेक्षा कमी, वेळ अर्धा ते एक मिनिट, आणि थंडी बोचू लागली की लगेच बाहेर. टॉवेलने पुसायचं नाही, हाताने पाणी निपटायचं, मोजे घालायचे आणि पाय पुन्हा गरम होईपर्यंत चालायचं. हातांचंही असंच. कोपराच्या वरपर्यंत दोन्ही हात गार पाण्यात, दहा ते तीस सेकंद. दुपारची झापड याने जाते, इथले लोक कॉफीऐवजी करतात. लघवीचा संसर्ग असेल, पायांच्या रक्तवाहिन्यांचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

माझं माहेर उरुळी कांचनचं, त्यामुळे हे सगळं बघताना मला ओळखीचं वाटत होतं. गांधीजींनी 1946 च्या मार्चमध्ये तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि त्यांचे बरेचसे उपचार आले होते जर्मनीतूनच. लाइपझिगच्या लुई कुन्हेकडून कटिस्नान, हार्त्स डोंगरातल्या आडोल्फ युस्टकडून मातीची पट्टी. गांधीजींनी दोघांचीही पुस्तकं दक्षिण आफ्रिकेत असताना वाचून स्वतःवर प्रयोग केले होते. आश्रमात पुण्या-मुंबईची माणसं पोटावर माती ठेवून पडलेली असत आणि आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना हसू फुटे. आमच्या अंगाला ती दिवसभर फुकट लागलेली असायची. आता युस्टची माती इथल्या औषधांच्या दुकानात डब्यात भरून विकायला असते, ती बघून आई काय म्हणेल हा विचार मनात येतोच.

गार पाण्याने खरंच काही होतं का? नेदरलँड्समध्ये 3018 लोकांना घेऊन झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी महिनाभर रोजच्या गरम शॉवरचा शेवट 30, 60 किंवा 90 सेकंद गार पाण्याने केला. या लोकांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षा 29 टक्क्यांनी कमी निघाल्या. मात्र आजारी वाटण्याचे दिवस काही घटले नाहीत. म्हणजे सर्दी झालीच, पण माणसं कामावर गेली. माझ्या दृष्टीने खरी बातमी पुढे आहे: 30 सेकंदवाले आणि 90 सेकंदवाले यांच्यात फरक पडला नाही. थोडकंच पुरलं.

थोडकं असलं तरी ते रोज आठवणार कसं? याचं उत्तर बोडनझे सरोवराकाठच्या कोन्स्टान्झ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पेटर गोलवित्सर यांनी शोधलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना एक काम दिलं: नाताळची संध्याकाळ कशी गेली, ते पुढच्या दोन दिवसांत लिहून पाठवा. निम्म्यांकडून त्यांनी आधीच ठरवून घेतलं, की नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार. या गटातल्या चारांपैकी तिघांनी वेळेत पाठवलं, बाकीच्यांतल्या तिघांपैकी जेमतेम एकाने. इच्छा दोन्ही गटांची होती. एका गटाकडे वेळ आणि जागाही ठरलेली होती, एवढाच फरक.

लंडनच्या एका अभ्यासात 96 जणांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला नवी सवय जोडली. ती अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, कुणाला बरेच महिने लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा 66 दिवसांचा. एखादा दिवस चुकला म्हणून कुणाचं फारसं बिघडलं नाही. आपल्याकडे संकल्प मोडला की माणूस तो सोडूनच देतो, त्याने हे वाचावं.

मी माझ्या सवयी अशाच अडकवून टाकल्या आहेत. कामावरून आल्यावर चहाचं आधण ठेवलं, की सिंकमध्ये गार पाणी भरून त्यात हात. पाण्याला उकळी येईपर्यंत ते काम उरकलेलं असतं. रात्री दात घासून झाले, की टबच्या कडेला उभं राहून हातातल्या शॉवरने पायांवर गार धार: उजव्या पायाच्या करंगळीपासून पोटरीवरून गुडघ्यापर्यंत, आतल्या बाजूने खाली, मग डावा पाय. दुपारी डबा उघडण्याआधी बाहेर एक चक्कर, कारण डिसेंबरात इकडे सूर्य आठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर ऊन जास्तच लागतं. त्यासाठी रक्त तपासून डॉक्टर सांगतील ते घ्यायचं. चक्कर असते ती डोळ्यांवर उजेड पडावा म्हणून.

पण या देशात राहून मला जे खरं उमगलं ते यापुढचं आहे. इथे माणसाच्या सवयीची राखण इतरही करतात. दातांच्या डॉक्टरकडे एक छोटी वही मिळते, तिच्यात वर्षाच्या तपासणीचा शिक्का. सलग पाच वर्षं शिक्के असतील, तर कृत्रिम दाताच्या ठरलेल्या खर्चातला विम्याचा वाटा 60 वरून 70 टक्के होतो आणि दहा वर्षांनी 75. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुरू होण्याआधी साधारणपणे सलग 11 तास विश्रांती द्यावी, हा कायदा आहे. रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरांचा दाखला आणलात, तर ते दिवस रजेतून कापत नाहीत. रविवारच्या विश्रांतीचं कलम 1919 च्या राज्यघटनेतून आजच्या राज्यघटनेत जसंच्या तसं आलं आहे. दुकानं बंद म्हणजे बंद. नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या रविवारी दुधासाठी वणवण करतो आणि चिडतो. वर्षभराने तोच रविवारी कुणी फोन केला तर चिडतो.

आपल्याकडे सगळा भार एकट्याच्या निर्धारावर टाकतात, आणि घरातल्या बाईच्या बाबतीत तर निर्धारही तिचाच आणि अडथळेही तिच्याच वाट्याचे. पाच मिनिटं टेकली की दारावरची बेल, कुकरची शिट्टी, ‘अगं, माझे मोजे कुठेत?’ तिने सवय लावून घ्यावी, असं म्हणताना तिची ती पाच मिनिटं कोण राखणार, हेही ठरवायला हवं.

आमच्या घरी एक साधा ठराव आहे. रविवारी जेवणं झाली की दोन तास स्वयंपाकघर बंद. चहा हवा असेल त्याने तो करून घ्यावा आणि करताना इतरांनाही विचारावं. मुलांनी कुरकुर केली, नवऱ्याने साखरेचा डबा शोधला, आणि जगबुडी झाली नाही.

हे मी आईला फोनवर रंगवून सांगितलं. ती म्हणाली, ‘मला कोण देतंय गं दोन तास?’ मी म्हटलं, ‘दादाला फोन दे.’