पंचवटीला नाटकात आणणारा कवी : भवभूती

मुलांनो, सहलीला गेलो तेव्हा आपण पंचवटीच्या सीतागुंफेत वाकून उतरलो होतो, आठवतं ना? याच पंचवटीवर एका थोर कवीने नाटकाचा अख्खा अंक रचला आहे. त्या कवीचं नाव भवभूती. करुणरस लिहावा तर त्यानेच, असं जाणकार म्हणतात.

हा कवी आपल्या विदर्भातला. गाव पद्मपूर. ते गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ, असं संशोधक वा. वि. मिराशी यांचं मत. वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, ही माहिती त्याने स्वतःच नाटकात दिली आहे. इ. स. ८ व्या शतकात तो कनोजच्या यशोवर्मा राजाच्या पदरी होता. सुरुवातीला लोक त्याला नावं ठेवत. त्यावर त्याने लिहून ठेवलं, की काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, माझ्यासारखा कोणी तरी कधी तरी जन्मेलच!

त्याची एक दंतकथा फार गमतीची आहे. त्याने 'उत्तररामचरित' कालिदासाला ऐकवायला पाठवलं. कालिदास म्हणाला, "छान आहे, पण एक अनुस्वार जास्त झाला." राम-सीतेच्या गप्पांत 'रात्र अशी सरली' असं होतं. 'एवं' वरचा अनुस्वार काढून 'एव' केलं, तर अर्थ झाला, 'रात्रच सरली', म्हणजे गप्पा सरल्याच नाहीत! पण ही गोष्ट खरी नव्हे बरं का. कालिदास त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला. कवींभोवती अशा गोष्टी जमतातच. ग्रीसमधला जुना नाटककार एस्किलस, गरुडाने डोक्यावर कासव टाकल्यामुळे मेला, असं तिकडे सांगतात.

आता तो पंचवटीचा अंक. सीतेला वनात सोडून बारा वर्षं झालेली. राम एकटाच गोदावरीकाठी येतो. सीतेने पाला चारून वाढवलेलं हत्तीचं पिल्लू मोठं झालेलं. ते सगळं बघून रामाला मूर्च्छा येते. सीता तिथेच आहे, पण गंगेच्या वरामुळे कोणाला दिसत नाही. ती हाताने स्पर्श करते. राम शुद्धीवर येतो, स्पर्श ओळखतो, पण समोर कोणीच नाही! वनदेवता वासंती रामाला तोंडावर विचारते, तिला का टाकलंस? राम म्हणतो, लोकांना ते सहन होईना. मला विचाराल तर वासंतीचंच बरोबर. आणि हे सगळं सीता शेजारी उभी राहून ऐकते.

रामायणात शेवटी सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने मात्र तसं होऊ दिलं नाही. त्याने दोघांची भेट घडवली, लव-कुशांसकट.