तोंडातला चट्टा आणि 'घर'-'धर'



'घ' आणि 'ध' यांचा गोंधळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. सुटं अक्षर दाखवलं की मुलं अडखळतात. पण 'आई घर झाडते' असं पूर्ण वाक्य दिलं की बरोबर वाचतात. तोंडातल्या चट्ट्यांचंही अगदी तसंच आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या गालात पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. "मावा खाता का?" असं विचारल्यावर ते "नाही" म्हणाले, कारण मुलगा शेजारीच उभा होता. रिपोर्ट आला, पण निदान पक्कं नव्हतं. पूर्ण माहिती मागवली होती.

असं का होतं? काढलेल्या तुकड्याचे केसाहून कितीतरी पातळ काप करतात, त्यांना रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. 'लायकेन प्लॅनस' या आजारात वरच्या आवरणाखाली पांढऱ्या पेशींचा दाट पट्टा दिसतो. एखाद्या औषधाची किंवा दातात भरलेल्या चांदीची प्रतिक्रिया असेल तरी जवळपास तसाच पट्टा दिसतो. कर्करोगाच्या आधीच्या चट्ट्यात पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद होतात, थरांची शिस्त बिघडते. पण त्याच्याखालीही पांढऱ्या पेशी जमू शकतात. बुरशी लागली तर साध्या चट्ट्यातल्या पेशीसुद्धा थोड्या बिघडलेल्या वाटतात. म्हणून बुरशी शोधायला वेगळा रंग वापरतात.

म्हणजे काचेवर दिसतं ते सुटं अक्षर. वाक्य आपण द्यायचं:

१. चट्टा दोन्ही गालांत जाळीसारखा आहे, की जिथे तंबाखू धरतो तिथेच आहे?
२. भरलेल्या दाताला लागून आहे का?
३. नवीन कोणती गोळी सुरू झाली आहे का?
४. मावा, गुटखा, मशेरी, सुपारी किती वर्षांपासून? (राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी लाजून लपवू नका.)

आपल्या वैरागहून बार्शी जवळच. तिथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली बार्शीतच सुरू झाली. इतकी सोय हाताशी असताना उशीर कशाला? तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, किंवा तोंड कमी उघडायला लागलं, तर दाखवून घ्या.

त्या वडिलांनी दुसऱ्या वेळी मुलाला बाहेर बसवलं आणि बारा वर्षांची सवय खरी सांगितली. मग निदान पक्कं झालं: कर्करोग नव्हता, पण त्याच्या वाटेवरचा चट्टा होता. आता मावा बंद आहे, तपासणी चालू आहे.

पालकांनो, डॉक्टरांपुढे मुलांची लाज वाटत असेल तर मुलांना बाहेर पाठवा; पण खरं सांगा.