अंतरिम पोटगी : मुदत आणि वास्तव

मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत विभक्त पत्नीच्या निर्वाहासाठी न्यायालय जी रक्कम देवविते, ती अंतरिम पोटगी होय. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने गेली. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असेही ठरले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. ‘शक्यतो’ या एका शब्दाने मुदत सैल केली, हे मान्य करावे लागते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभय पक्षांना मालमत्तेचे शपथपत्र सक्तीचे केले व पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरविली. त्यामुळे तारखा लांबविणाऱ्या पतीची देणी वाढतच जातात. मात्र वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत पत्नीलाच पुन्हा अर्ज करावा लागतो.