विधिप्रवेशपरीक्षेस पुन्हां केव्हां बसावें?

बारावीनंतर कायद्याच्या अभ्यासाकडे वळूं पाहणाऱ्या वसईच्या विद्यार्थ्यापुढें दोन दारें असतात. पहिलें क्लॅटचें. ही परीक्षा २००८ सालीं सुरू झाली. मुंबईचें महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ तिच्याच मार्गानें प्रवेश देतें. दुसरें दार राज्याच्या सीईटीचें. चर्चगेटजवळचें, १८५५ सालीं स्थापन झालेलें शासकीय विधि महाविद्यालय तेथून गांठतां येतें. या दारांशीं अपेश आलें म्हणजे घरांत प्रश्न उभा राहतो : मिळेल तें महाविद्यालय धरावें, कीं वर्षभर थांबून पुन्हां परीक्षेस बसावें? वाडीच्या उत्पन्नावर संसार चालविणाऱ्या वडिलांस हा प्रश्न केवळ अभिमानाचा नसतो. २०२५ च्या क्लॅटचें नुसतें अर्जाचें शुल्कच सर्वसाधारण वर्गास ४,००० रुपये होतें; शिकवणीचा खर्च निराळाच.

आमच्या मतें किती गुण कमी पडले यापेक्षां ते कां कमी पडले हें आधीं पाहावें. क्लॅटमध्यें १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि त्यांतील बहुतेक लांबलचक इंग्रजी उताऱ्यांवर आधारलेले असतात. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. उतारा वाचण्याचा वेळ धरून दर प्रश्नास एकच मिनिट! मराठी माध्यमांतला हुशार मुलगा येथें पुष्कळदां बुद्धीनें नव्हे, तर वाचनाच्या वेगानें मागें पडतो.

याची पारख घरींच करतां येते. एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. वेळ संपतांच रेघ ओढून उरलेले प्रश्न दुसऱ्या रंगाच्या शाईनें, हवा तितका वेळ घेऊन पुरे करावे. दुसऱ्या शाईचीं उत्तरें बहुतेक बरोबर आलीं, तर दोष वेगाचा. वेग महिन्याभरांत वाढत नाहीं. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख नेमानें वाचणाऱ्यास तो वर्षांत खचित वाढवितां येतो. अशा विद्यार्थ्यानें अवश्य थांबावें. उलट, सावकाश वाचूनही उत्तरें चुकत असतील, तर दिलेला नियम दिलेल्या घटनेस लावण्याची हातोटीच साधलेली नाहीं. ती शिकविणारा कोणी भेटणार असेल तरच पुन्हां बसण्यांत अर्थ आहे. “अभ्यासास वेळच मिळाला नाहीं” असें म्हणणाऱ्यानें येत्या वर्षीं रोज किती तास मोकळे मिळतील तें कागदावर मांडावें, आणि त्यांत गाडींतला वेळ धरूं नये. सकाळची विरारहून सुटणारी लोकल ज्यानें पकडली आहे, त्यास याचें कारण सांगणें नको.

गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस गेले असतां लंडनच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेस बसले व लॅटिनमध्यें नापास झाले. ती कायद्याची प्रवेशपरीक्षा नव्हती हें खरें. पण पुन्हां बसतांना त्यांनीं काय केलें तें पाहण्याजोगें आहे. रसायनशास्त्र सोडून त्यांनीं उष्णता व प्रकाश हा विषय घेतला, एका खोलींत राहून खर्च कमी केला, आणि १८९० च्या जूनमध्यें ते उत्तीर्ण झाले.

निर्णयाची घाई मात्र नको. क्लॅट अलीकडे डिसेंबरांत होते व सीईटी पुढें उन्हाळ्याच्या सुमारास. सीईटींत चुकीबद्दल गुण कापले जात नाहींत आणि ती मराठींतूनही देतां येते. तेव्हां दोन्ही निकाल हातीं येईपर्यंत वर्ष गेलें असें कोणीं म्हणूं नये.

कित्येक जण मिळेल तेथें नांव घालून तेथूनच पुन्हां परीक्षा देतात. यांत आधार राहतो खरा, पण पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत मधल्या वर्षास थेट प्रवेश नसल्यामुळें नव्या ठिकाणीं प्रथम वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. वर्ष वांचत नाहीं व शुल्क दोनदां भरावें लागतें.

आणखी एक हिशेब घरांत क्वचितच मांडला जातो. एक वर्ष थांबून पांच वर्षांचा अभ्यासक्रम केला तर सहा वर्षें लागतात. वसईंतच तीन वर्षांची पदवी घेऊन, मग निराळी सीईटी देऊन तीन वर्षांचा कायदा केला तरी सहाच. दुसऱ्या मार्गांत पहिलीं तीन वर्षें घरचें जेवण मिळतें, आणि इंग्रजी वाचनाचा वेग वाढविण्यास एका वर्षाऐवजीं तीन मिळतात.