ब्लेंडर घरी कंपाइल करताय?

“ओपन सोर्स म्हणजे आधी कंपाइल करा, मग वापरा,” म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम स्वतः बांधा, या समजुतीपायी कितीतरी जण ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या वाटेलाच जात नाहीत. खरं तर विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींसाठी तयार ब्लेंडर फुकट मिळतं. लिनक्सवर तर डाउनलोड केलेली फाइल उलगडायची आणि थेट चालवायची. नुसतं अ‍ॅनिमेशन करायचं असेल, तर कंपाइलच्या फंदात पडू नका. प्रोग्रामच्या आत हात घालायचा असेल, तरच ती खटपट करा.

घरी कंपाइल केलं की रेंडर, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र, झपाट्यानं होतो, हेही खरं नाही. तयार आवृत्ती आधीच वेगासाठी जुळवून बांधलेली असते. उलट चुकून डीबग, म्हणजे चुका शोधण्याच्या, प्रकारात बांधलंत, तर तेच दृश्य कितीतरी रेंगाळतं.

कंपाइल करताना बरीच माणसं हरतात ती ‘किल्ड’ या शब्दापाशी. लिनक्सवर सोर्स उतरवायचा, ‘मेक अपडेट’ देऊन लायब्ररी आणायच्या, मग ‘मेक’. ओळी भराभर सरकतात, निम्म्याहून अधिक काम होतं आणि ‘किल्ड’ असं दाखवून सगळं अचानक थांबतं. कोड खराब आहे असं वाटतं. पण बहुतेक वेळा रॅम संपलेली असते. प्रोसेसरला जितके कोअर, तितक्या फाइली एकदम कंपाइल व्हायला लागतात आणि सी प्लस प्लसची एखादी मोठी फाइल एकटीच जीबीभर रॅम खाते. 8 जीबीच्या मशिनवर एका वेळी दोन-तीनच कामं लावा आणि पुन्हा ‘मेक’ द्या. झालेलं काम वाया जात नाही, उरलेल्या फाइलींपासूनच ते पुढे चालू होतं.

महागडं ग्राफिक्स कार्डही सक्तीचं नाही. ‘सायकल्स’ हे रेंडर इंजिन नुसत्या प्रोसेसरवर चालतं, वेळ मात्र जास्त घेतं. ‘ईव्ही’ या दुसऱ्या इंजिनला ग्राफिक्स चिप लागते. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा अ‍ॅनिमेशनपट ईव्हीवरच रेंडर झाला आणि 2025 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. फुकटचं सॉफ्टवेअर हौशी लोकांपुरतं, असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

आणि परवान्याची भीती नको. ब्लेंडरचा जीपीएल परवाना लागू होतो तो प्रोग्रामला. तुम्ही रेंडर केलेलं चित्र तुमचंच, ते खुशाल विका.

2002 मध्ये चाहत्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले, म्हणून ब्लेंडरचा कोड खुला झाला. तो तुमच्यासाठीही खुला आहे, एकदा उघडून वाचा.